सापाची उबेची पेटी

पाळीव साप ठेवायची, एक टोक मुद्दाम गरम आणि दुसरं गार राखलेली बंद पेटी. पाळणारी पोरं तिला एन्क्लोजर नाहीतर नुसतं टँक म्हणतात, जुन्या पुस्तकांत व्हिवेरियम असा शब्द येतो. बेळगावात सुताराला सांगताना मात्र 'पुढं काचेचं सरकतं दार असलेली पेटी' असंच सांगावं, टँक म्हटलं की तो मासे धरून चालतो. इथं पहिल्यांदाच साप पाळणाऱ्याला लागणारी उबेची मांडणी दिली आहे, आणि ती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातल्या हवेचा विचार करून. सापाला खायला काय घालायचं, हातात कसा घ्यायचा, हे सगळीकडं मिळतं, ते इथं घेतलेलं नाही.

कोणता साप

आधी कायदा. नाग, धामण, मांडूळ, अजगर, कवड्या यातला कुठलाच साप घरात ठेवता येत नाही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हे सगळे संरक्षित आहेत, शेतात सापडला, बांधावर सापडला, पिल्लू होतं म्हणून जीव लागला, काहीही कारण चालत नाही. म्हणजे पाळायचे ते परदेशी आणि पेटीत जन्मलेले साप, त्यातही सुरुवातीला दोनच नावं जास्त करून येतात, कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. बॉल पायथन साईट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळं वरच्याच अधिनियमाची २०२२ ची दुरुस्ती (लागू १ एप्रिल २०२३) आणि त्यावरून २८ फेब्रुवारी २०२४ ला निघालेले नियम धरून त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक साईट्सच्या यादीत नाही. केनियन सँड बोआ पण नवख्याला सोपा म्हणून सुचवला जातो, पण तो दिसायला आपल्या मांडुळाच्या जवळचा, आणि मांडूळ विकताना धरल्याच्या बातम्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना येत असतात, तेव्हा इकडं तो घेणार असाल तर कागद पेटीशेजारीच ठेवलेले बरे.

कॉर्न या नावाबद्दल दोन मतं आहेत. एक, मक्याच्या कोठारात उंदरांमागं हे साप सापडायचे म्हणून. दुसरं, पोटावरचे काळे-पांढरे चौकोन रंगीत मक्याच्या दाण्यांसारखे दिसतात म्हणून. पहिलं मत जास्त सांगितलं जातं, पण साप उलटा करून एकदा पोट बघितलं की दुसरं पटायला लागतं.

'शीतरक्ती' हा शब्द

शाळेपासून आपण साप शीतरक्ती असं शिकतो. शब्द सोयीचा आहे पण पेटी करणाऱ्याला फसवतो, कारण नीट ऊब मिळालेल्या सापाचं रक्त ३० अंशांच्या आसपास असतं, त्याला गार म्हणणं चूकच. खरी गोष्ट एवढीच की ही ऊब तो आतून तयार करत नाही, बाहेरून घेतो. यालाही एक गाजलेला अपवाद आहे आणि तो आपल्याच अजगराचा. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून त्यांना ऊब देते असं लामार-पिको नावाच्या फ्रेंच माणसानं भारतातल्या अनुभवावरून १८३२ च्या सुमारास पॅरिसच्या अकादमीला कळवलं, आणि तिथल्या विद्वानांनी ते उडवून लावलं. पुढं १८४१ मध्ये व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञांनी पॅरिसच्याच प्राणिसंग्रहात अंड्यांवर बसलेल्या मादीचं तापमान मोजलं तेव्हा ती आजूबाजूपेक्षा गरम निघाली. स्नायू आकसून, अंग थरथरवून ती ऊब तयार करते हे नीट सिद्ध व्हायला १९६६ उजाडलं. पण हे अंड्यांवरच्या मादीपुरतं आहे. आपल्या पेटीतला कॉर्न स्नेक कितीही गारठला तरी स्वतःला गरम करू शकणार नाही, खाल्लेलं पचवायचं, कात टाकायची, आजाराशी झगडायचं, सगळं बाहेरच्या उबेवर. गारठ्यात खाऊ घातलेला साप दोन-तीन दिवसांनी घाण वास मारणारं अर्धवट पचलेलं भक्ष्य ओकून टाकतो, नवख्या पेटीतली ही सगळ्यात ओळखीची खूण.

गरम टोक, गार टोक : ही कल्पना कुणाची

अख्खी पेटी एकसारखी गरम करायची नाही, एका टोकाला ऊब द्यायची आणि सापाला निवडू द्यायचं, हा आजच्या सगळ्या मांडणीचा पाया. याचं श्रेय बहुतेक ठिकाणी काउल्स आणि बोगर्ट या अमेरिकन संशोधकांच्या १९४४ च्या अभ्यासाला दिलेलं दिसतं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले सरडे-साप ऊन-सावलीत ये-जा करून आपलं तापमान एका ठरावीक पट्ट्यात धरून ठेवतात हे त्यांनी दाखवलं. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण पेटीपुरतं बघितलं तर त्याआधीचं एक काम नजरेआड होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सापांसाठीची खास इमारत १८४९ पासूनच होती, तरी १९२७ मध्ये तिथं जी नवी इमारत झाली तिच्यात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख जोन प्रॉक्टर यांनी विजेवर चालणारी, एकाच पिंजऱ्यात कुठं जास्त कुठं कमी अशी ऊब आणि अतिनील किरण आत सोडणारी खास काच बसवून घेतली होती. कारणमीमांसा १९४४ ची, पण हाताला येईल अशी रचना १९२७ ची, असं म्हणणं जास्त योग्य वाटतं. अतिनील किरण सापाला लागतातच का, हा वादही तेव्हापासूनचा. सुरुवातीच्या पेटीत अतिनील ट्यूब नसली तरी अडत नाही, असली तर चांगलंच, पण थर्मोस्टॅटचे (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) पैसे तिच्यावर घालवू नयेत.

ऊब खालून द्यायची की वरून, यावर पाळणाऱ्यांत दोन तट आहेत. खालून म्हणजे हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), वरून म्हणजे सिरॅमिक बल्ब (उजेड न देता नुसती ऊब देणारा) नाहीतर हॅलोजन. वरून देणारे म्हणतात सूर्य वरूनच येतो आणि हॅलोजनचे जवळचे अवरक्त (निअर-इन्फ्रारेड) किरण कातडीच्या आतपर्यंत पोचतात, मॅटची ऊब वरवरची. खालून देणारे म्हणतात हे दोन्ही साप संध्याकाळी-रात्री फिरणारे, तापलेल्या जमिनीवर, दगडाखाली ऊब घेणारे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि शेवटी पेटी कशाची यावर ठरतं. काचेच्या पेटीला खालून मॅट चालते. १८ मिलीमीटर प्लायवूडच्या पेटीला खालून मॅट लावली तर ऊब लाकडातच अडते, आत काही येत नाही, तिथं वरूनच द्यावी.

साप भाजतो आणि तरी हलत नाही, हे ऐकून लोकांना खोटं वाटतं. पोटाच्या कातडीला जास्त उष्णता कळतच नाही असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. दुसरं असं की वरची हवा गार असली की सापाचं एकूण अंग थंडच राहतं, म्हणून तो ऊब सोडून जात नाही आणि खालून तेवढं पोट भाजत राहतं. दुसरं जास्त पटतं, कारण बॉल पायथनच्या तर ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि तोही भाजतो. काहीही असो, भाजणाऱ्या पेट्यांत एक गोष्ट ठरलेली : मॅट थेट प्लगमध्ये, थर्मोस्टॅट नाही. बाजारात मिळणारा 'हॉट रॉक' म्हणजे विजेवर तापणारा नकली दगड तर घेऊच नये.

बेळगावची हवा

आपल्याकडं ऊब म्हटलं की लोकांना डिसेंबर-जानेवारी आठवतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, थंडीत पहाट १३-१४ अंशांपर्यंत उतरते, पण दुपारी ऊन लागून घर परत तापतं. सापाच्या पेटीला खरा अवघड काळ जून अखेर ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा पण पारा २४-२५ च्या पुढं मुश्किलीनं जातो, रात्री २० च्या आसपास, असं आठवडेच्या आठवडे, आणि खानापूरच्या घाटातल्या जांबोटी-कणकुंबीकडं तर सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. थंडीत दुपारी मॅट बंद पडली तरी खोली सांभाळून घेते, पावसाळ्यात खोली काही मदत करत नाही.

कॉर्न स्नेकला गरम टोक २९ ते ३१ आणि गार टोक २२-२४ पुरतं, म्हणजे बेळगावच्या पावसाळ्यात गार टोक आपोआप मिळतं, एकच टोक तापवायचं. बॉल पायथनला गरम टोक ३१ ते ३३, गार टोक २५-२६ आणि रात्री २४ च्या खाली नको, म्हणजे पावसाळाभर अख्खी पेटीच दोन ते चार अंश उचलून धरावी लागते. म्हणून घाटाकडच्या माणसानं पहिला साप कॉर्नच घ्यावा असं ठाम मत आहे.

ओलाव्याचं गणित बघण्यासारखं आहे. बाहेरची २४ अंशांची, ९० टक्के ओलाव्याची हवा पेटीत येऊन ३१ ला तापली की तिचा ओलावा साधारण ६० टक्क्यांवर येतो, पाणी तेवढंच पण गरम हवेत ते कमी भरतं. म्हणजे पावसाळ्यात गरम टोक बरोबर असतं, गार टोक मात्र ९० वरच राहतं आणि बुरशी, पोटाखालचे खवले सडणं, श्वासाचा त्रास तिथून सुरू होतो. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा आवाज दिसला की डॉक्टर गाठावा, इकडं गुराढोरांचे डॉक्टर आहेत पण साप तपासणारे मोजके, म्हणून नाव-नंबर साप आणायच्या आधीच काढून ठेवावा. उपाय पाणी शिंपडायचं बंद करणं आणि जाळी वाढवणं, गार टोकाला खाली एक झरोका, गरम टोकाला वर एक, हवा आपोआप फिरते. डिसेंबरात उलटं होतं. १४ अंशांची ६० टक्केवाली हवा ३१ ला तापवली तर २० टक्क्यांच्या आसपास येते, कात तुकड्या-तुकड्यांत निघते, डोळ्यावरची चकती अडकते. तेव्हा ओल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) डबा आत ठेवायचा.

पूर्वेकडं अथणी-रायबागला प्रश्न वेगळा, तिथं एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५ च्या वर जाते, तेव्हा हीटर पूर्ण बंद आणि पेटी तळमजल्यावर, भिंतीच्या सावलीच्या बाजूला. बिदर-भालकीकडचा उन्हाळाही याच जातीचा.

मांडणी

थर्मोस्टॅट सगळ्यात आधी घ्यायचा, सापाच्या आधी. ब्रँडेड परवडत नसेल तर कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनमध्ये वापरतात तो एसटीसी-१००० चालतो, पण तो नुसता उघडा तुकडा येतो, ओळखीच्या वायरमनकडून डब्यात बसवून, अर्थिंग देऊन घ्यावा आणि मॅट 'हीटिंग'च्या जोडणीवर आहे ना बघावं. त्याच्या सेटिंगमध्ये एफ १ ला हवं ते तापमान, एफ २ ला चालू-बंद होण्यातला फरक. ३१ आणि १ ठेवलं तर ३० ला चालू होतो, ३१ ला बंद.

सगळं अवलंबून असतं ते काळ्या वायरच्या टोकावरच्या सेन्सरवर. तो पेटीच्या आत मोकळा ठेवला की साप त्याला ढकलतो, गार कोपऱ्यात नेऊन टाकतो, थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे आणि मॅट तापतच राहते. पाण्याच्या भांड्यात पडला तरी तेच. म्हणून काचेच्या पेटीत सेन्सर बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मध्ये दाबून ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद करायचा. मग आतल्या काचेवर मोजायचं. आत दोन-तीन अंश कमी येतात, त्याप्रमाणं आकडा वाढवायचा. मोजायला इन्फ्रारेड गन घ्यावी, पण कोविडच्या वेळची कपाळाची गन चालत नाही, ती माणसाच्या तापाच्याच पट्ट्यात आकडे दाखवते. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागापुरती, पेटीखाली चार रबरी पाय, नाहीतर ऊब कोंडून काच तडकते. मॅटवरचं कोकोपीट दोन सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

वरून सिरॅमिक बल्ब लावणार असाल तर होल्डर आट्यांचा आणि चिनी मातीचा, आपल्याकडचा साधा पिनांचा प्लॅस्टिक होल्डर वितळतो. बल्बभोवती जाळीचा पिंजरा हवाच, साप उबेकडं चढतो आणि बल्बला वेटोळं घालतो.

लपायच्या जागा दोन, एक गरम टोकाला एक गार टोकाला, सारख्याच. एकच ठेवली तर साप ऊब आणि आडोसा यातून आडोसा निवडतो आणि गारठत बसतो. यासाठी खानापूरच्या कुंभाराकडचं छोटं मडकं उत्तम, काठाला सापाच्या अंगाच्या दीडपट जाडीचं अर्धगोल भोक कानसीनं घासून घ्यायचं, कडा बोटानं तपासायची, आणि पालथं ठेवायचं. माती ऊब धरून ठेवते, लाइट गेल्यावर तासभर तरी आत गरम लागतं.

लाइट जाण्याची तयारी पाऊस सुरू व्हायच्या आधीच करावी. मॅटला लागतात मोजके वॉट, घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालते. इन्व्हर्टर नसेल तर पेटीला तीन बाजूंनी थर्मोकोल, वर घोंगडं (झरोके मोकळे ठेवून), आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवायची. रिकाम्या पोटाचा धडधाकट साप २०-२२ अंशांत काही तास सहज काढतो, पोट भरलेल्याची काळजी जास्त, म्हणून वादळी पावसाच्या आठवड्यात खाऊ घालणं पुढं ढकलावं.

पंचमीला शेजारच्या बायका दूध घेऊन पेटीपुढं येतात, त्यांचा भाव खरा असतो, नमस्कार करू द्यावा, हळद-कुंकू काचेला बाहेरून लावू द्यावं. दूध मात्र आत जाऊ देऊ नये, ते सापाचं अन्न नाही आणि उबेच्या पेटीत दोन तासांत नासतं.

तयार पेटी साप आणायच्या आधी आठवडाभर रिकामी चालवायची. पहाटे ५ ला, दुपारी २ ला आणि रात्री १० ला दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहायचे, एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून किती वेळात किती उतरतं तेही. सात दिवस गरम टोक एका अंशाच्या आत टिकलं की साप आणायला हरकत नाही, आणि ही चाचणी मार्चमध्ये झाली असेल तर जुलैच्या पहिल्या झडीत परत एकदा घ्यावी.