स्टेपओव्हर (सीएनसी राउटरवरील कोरीवकाम)

सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, लाकूड, एमडीएफ किंवा ॲक्रिलिक कोरताना एक ओळ संपवून शेजारची ओळ धरण्यासाठी बिट (गरगर फिरत कापणारे हत्यार) बाजूला जेवढा सरकतो, त्या अंतराला स्टेपओव्हर म्हणतात. बिटाने कोणत्या वाटेने, किती खोल, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जायचे याचा सगळा आराखडा म्हणजे टूलपाथ. स्टेपओव्हर हा त्यातला एक आकडा. पण काम किती वेळ चालणार आणि पृष्ठभाग कसा निघणार, या दोन्ही गोष्टी मुख्यतः त्याच्यावर ठरतात.

खान्देशातल्या जुन्या लाकडी घरांचे खांब, तुळया आणि चौकटी पटाशीने कोरलेल्या आहेत. आज जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दाराचे पल्ले, देव्हाऱ्याच्या कमानी आणि जाळ्या राउटरवरही निघतात. यावल, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या सातपुड्यात साग आहे आणि दारासाठी लोकांची पहिली पसंती अजून सागवानालाच असते. म्हणून या नोंदीतली उदाहरणे सागाच्या कामाची घेतली आहेत.

स्टेपओव्हर मिलिमीटरमध्ये किंवा बिटाच्या व्यासाच्या टक्क्यांत सांगतात. सपाट तळाच्या बिटाने खोलगट भाग रिकामा करताना तो साधारण ४० ते ५० टक्के ठेवतात. ५० टक्क्यांच्या मर्यादेमागे भूमिती आहे. आत आत सरकणाऱ्या वाटांचा टूलपाथ असेल, तर स्टेपओव्हर व्यासाच्या निम्मा किंवा कमी असताना कोपरा कितीही अरुंद असला तरी लाकूड कापायचे राहत नाही. काटकोनी कोपऱ्यात सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत चालून जाते, ६० अंशांच्या कोपऱ्यात ७५ टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे कोपऱ्यात लाकडाचे बारीक सुळके उभे राहतात.

फुलापानांचे आणि मूर्तीचे उठावकाम गोल टोकाच्या बिटाने, म्हणजे बॉलनोजने करतात. गोल टोकामुळे दोन ओळींमध्ये नांगरटीच्या दोन तासांमध्ये राहतो तसा कंगोरा राहतोच. स्टेपओव्हरचा वर्ग करून त्याला व्यासाच्या चौपटीने भागले की त्याची उंची जवळपास बरोबर मिळते. ६ मिमी व्यासाच्या बॉलनोजला १.२ मिमी स्टेपओव्हर दिला तर कंगोरा ०.०६ मिमी, ०.६ मिमी दिला तर ०.०१५ मिमी. स्टेपओव्हर निम्मा केला की कंगोरा चौथाईवर येतो आणि वेळ मात्र दुप्पट होतो.

हा वेळ कागदावर काढून पाहण्यासारखा आहे. ३०० बाय ४५० मिमीच्या फळीवर ०.६ मिमीने ५०० ओळी पडतात, म्हणजे बिट २२५ मीटर चालतो. फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ३,००० मिमी धरला तर सव्वा तास. ०.३ मिमी केले की अडीच तास. प्रत्यक्षात यापेक्षा जास्तच लागतो, कारण वरखाली होताना मशीन वेग कमी करते. आणि या जादा सव्वा तासात मिळते काय? कंगोरा ०.०१५ वरून ०.००४ मिमीवर येतो. सागाची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि पॉलिशआधी काचपेपर फिरवायचाच असतो. ‘बारीक ठेवलेले बरे’ म्हणून सरसकट ५ टक्के, म्हणजे ६ मिमी बिटाला ०.३ मिमी, लावणे हा सागावर वेळेचा आणि विजेचा निव्वळ अपव्यय आहे. ॲक्रिलिकवर किंवा थेट रंग मारायच्या एमडीएफवर ते पटण्यासारखे आहे, तिथे कंगोरा लपत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ टेपर बिटाच्या, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बिटाच्या बाबतीत होतो. त्याची दांडी ६ मिमी असते, पण टोक १ मिमी व्यासाचे असू शकते. टक्केवारी टोकाच्या व्यासावर मोजायची. दहा टक्के म्हणून दांडीचा हिशेब धरून ०.६ मिमी दिले, तर १ मिमी टोकामागे कंगोरा ०.१ मिमी राहतो. त्या रेघा नखाला लागतात, पॉलिश चढल्यावर चमकून दिसतात, आणि पाकळीच्या कडा घालवल्याशिवाय काचपेपरने निघत नाहीत. याच टोकाला ०.२ मिमी दिले तर कंगोरा ०.०१ मिमी. सॉफ्टवेअरमध्ये टूल नोंदवतानाच टोकाची त्रिज्या, दांडीचा व्यास आणि मिलिमीटरमधला स्टेपओव्हर तिन्ही तपासावेत.

वरचा सूत्राचा हिशेब सपाट भागाचा आहे. रांगेने जाणाऱ्या टूलपाथमध्ये स्टेपओव्हर वरून पाहिल्यासारखा आडवा मोजला जातो. ओळींच्या आडव्या दिशेला ६० अंशांचा उतार आला, की उतारावरचे खरे अंतर दुप्पट होते आणि कंगोरा चौपट. म्हणून गणपतीचे पोट गुळगुळीत निघते आणि सोंडेच्या बाजूला रेघा राहतात. अशा वेळी सगळ्या कामाचा स्टेपओव्हर कमी करू नये. ओळींची दिशा बदलावी, किंवा तेवढ्या भागाला काटकोनात दुसरा टूलपाथ द्यावा. सागाच्या बाबतीत पहिल्या टूलपाथची दिशा शिरांच्या बाजूने ठेवणे चांगले. आडवे गेल्यास बारीक कडा उचकटतात.

फिनिशिंगआधी, म्हणजे शेवटच्या बारीक कोरीवकामाआधी, रफिंग हवे, म्हणजे जादा लाकूड ढोबळपणे काढून घ्यायला हवे. ६ मिमीच्या सपाट बिटाने ४० टक्के स्टेपओव्हरवर थर काढत खाली जायचे आणि ०.५ ते १ मिमी लाकूड फिनिशिंगसाठी राखायचे. रफिंग टाळून १ मिमीचे टोक थेट सागात घातले तर ते मोडते.

स्टेपओव्हर कमी केला की बिटावरचा भार कमी होतो हे खरे, पण फीड तसाच ठेवला तर चिपही, म्हणजे धारेने निघणारी ढलपीही, पातळ होते. बिटाचे मिनिटाला १८,००० फेरे, त्याला दोन धारा आणि मिनिटाला ३,६०० मिमी फीड असताना एका धारेला ०.१ मिमी लाकूड येते. सपाट बिटाचा स्टेपओव्हर १० टक्के असेल तर प्रत्यक्ष चिपची जाडी जास्तीत जास्त ०.०६ मिमी भरते. धार कापण्याऐवजी घासू लागते, चिपऐवजी पिठासारखा भुसा पडतो, बिट तापतो आणि लाकडावर काळे डाग उठतात. सागात सिलिका असल्याने धार आधीच लवकर बोथट होते. अशा वेळी फीड वाढवावा किंवा फेरे कमी करावेत. भुसा पाहून हे ओळखणारा कारागीर स्क्रीनवरच्या आकड्यांवर विसंबणाऱ्यापेक्षा बिट जास्त दिवस वापरतो.

सपाट तळावर ओळीओळीने पायऱ्या दिसत असतील तर दोष स्टेपओव्हरचा नसून बहुतेक वेळा सरळ उभ्या न राहिलेल्या स्पिंडलचा, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरचा असतो. १०० मिमीला ०.५ मिमी तिरकेपणा असेल, तर १२ मिमी स्टेपओव्हरवर प्रत्येक ओळीला ०.०६ मिमीची पायरी पडते. ६ मिमी केल्यास ती ०.०३ वर येते, पण तिरकेपणा कायम राहतो. स्पिंडलला डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापयंत्र) बांधून तो बेडवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या टेबलावर, गोल फिरवावा, चारही बाजूंना काटा सारखा येईपर्यंत माउंटिंगखाली पातळ पत्रे सारावेत, आणि मगच रुंद बिटाने बेडवरचा एमडीएफ पुन्हा समतल करून घ्यावा.