धातुशोषण, वाणागणिक (खानदेश)

एकाच शेतात, सारख्याच खतापाण्यावर वाढलेल्या एकाच पिकाच्या दोन वाणांच्या दाण्यांत कॅडमियम, शिसे अशा विषारी धातूंचे प्रमाण वेगवेगळे भरते. हा फरक मुख्यतः आनुवंशिक असतो.

कॅडमियमची झाडाला गरज नसते. ते जस्त, लोह, मँगनीज यांच्या वाटेने मुळांत घुसते. पुढे ते मुळांतल्या पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांत) कोंडले जाते की दाण्यापर्यंत चढते, हे वाण ठरवतो. जपानमध्ये कोशिहिकारी भातावर कार्बन आयनांचा मारा करून जवळजवळ कॅडमियमविरहित तांदूळ देणारी रोपे मिळवण्यात आली (२०१२). त्यांत मँगनीज वाहून आणणारे जनुकच निकामी झालेले होते.

खानदेशाच्या दृष्टीने गव्हाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. शेवया आणि रव्यासाठी नावाजलेला बन्सी गहू ड्युरम जातीचा. पोळीच्या साध्या गव्हापेक्षा ड्युरम गहू दाण्यात सहसा जास्त कॅडमियम साठवतो. याचे मूळ बव्हंशी ५बी गुणसूत्रावरील एका जागेत सापडते. कॅनडाने कमी कॅडमियमचा ‘स्ट्राँगफील्ड’ हा ड्युरम वाण काढला. आपल्याकडे बियाणे घेताना उतारा, भाव आणि तांबेरा पाहतात. धातूची चौकशी कोणी करत नाही.

तापी-गिरणा खोऱ्यातली चुनखडीयुक्त काळी जमीन मात्र शेतकऱ्याच्या बाजूची आहे. तिचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो, चिकणमाती भरपूर. त्यामुळे कॅडमियम आणि शिसे मातीलाच चिकटून राहतात. पण याच गुणामुळे जस्तही अडकते, आणि जस्त तुटले की पीक कॅडमियम अधिक ओढते. म्हणून झिंक सल्फेटची मात्रा इथे दुहेरी कामाची. स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम थोडे थोडे येतच असते. ही खते ज्या खडकापासून बनतात तो कुठल्या खाणीचा, त्यावर त्याचे प्रमाण अवलंबून.

शहरालगत नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाज्यांची गोष्ट निराळी. तिथे पालकासारखी पालेभाजी फळभाजीपेक्षा बरीच जास्त धातू उचलते. वांग्यात तर मूळच बदलता येते : रानटी वांगवर्गीय झुडपाच्या (सोलॅनम टॉर्व्हम) खुंटावर कलम केलेल्या वांग्याच्या फळांत कॅडमियम बरेच घटल्याचे जपानी प्रयोगांत दिसले. भरताची हिरवी, पांढुरक्या रेषांची वांगी पिकवणाऱ्या बामणोदसारख्या गावांना कलमाचे हे तंत्र अवघड जाणार नाही. रोपाचा खर्च मात्र वाढेल.