माउंटचा स्क्रू निघत नाही? आणखी जोर लावण्याआधी हे वाचा

एअर रायफलवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, धरून ठेवणारं जुनं माउंट घरी काढायचा प्रयत्न करून मग आमच्याकडे येणाऱ्यांच्या स्क्रूची अवस्था बहुधा सारखीच असते. आत गोंद जसाच्या तसा पक्का, आणि वर ॲलन कीची षटकोनी खाच घासून गोल. गोंदाचं आम्ही बघून घेतो, त्याला वेळ लागत नाही. गोल झालेल्या खाचेपायी मात्र दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसावर जातं, आणि कधी कधी माउंटही वाया जातं.

हा गोंद म्हणजे बहुतेक वेळा थ्रेडलॉकर. दुकानात सगळे त्याला सरसकट लोकटाइट म्हणतात. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टनमुळे आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका बसतो. नुसते आवळलेले स्क्रू त्यात सैल होतात, म्हणून तो लावायचा. हवा कोंडली आणि धातू लागला की आट्यांमध्ये तो कडक प्लास्टिकसारखा बसतो. निळा असेल तर चांगल्या पान्याने हातानेच सुटतो. लाल असेल तर साधारण २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५-४६ वर जातो, तेव्हा रायफल गच्चीवर उन्हात ठेवली तर गोंद सुटेल का, असं बरेच जण विचारतात. नाही सुटत. उलट स्कोपच्या भिंगातून थेट ऊन आत गेलं तर क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायच्या आतल्या रेषा, जळायची भीती असते.

पान्याला हात लावण्याआधी रायफलीत छर्रा नाही आणि ती कॉक केलेली नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या. पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा आधीच भरून ठेवायची रायफल असेल तर सगळी हवा आधी सोडून द्या. २०० बारने भरलेल्या सिलिंडरच्या आसपास गरम वस्तू न्यायचीच नाही. यात आम्ही कुणाचंही ऐकत नाही. भरलेली रायफल आमच्या टेबलावर आली तर पहिलं काम हवा सोडण्याचंच होतं.

आता पाना. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माउंटचे बरेच स्क्रू २.५ मिलिमीटरच्या ॲलन कीचे असतात, आणि घरातल्या जुन्या सेटमध्ये ३/३२ इंचाची की असते. ती २.३८ मिलिमीटरची. खाचेत आरामात जाते, बसल्यासारखी वाटते, आणि जोर लावताच कोपरे खाते. तेव्हा कीवर कोरलेलं माप वाचा. टोक झिजलेलं असेल तर घासून सपाट करा किंवा सरळ नवी की घ्या. खाच टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराची असेल तर टी-१० आणि टी-१५ मध्ये गल्लत करू नका. खाचेत गोंद किंवा माती साचलेली असते, ती सुईने पूर्ण उकरून काढा, म्हणजे की तळापर्यंत टेकते.

स्कोप काढता येत असेल तर काढून बाजूला ठेवा. त्यानंतर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवून धरा. उष्णता फक्त स्क्रूत जायला हवी. ती पुरेशी गेली का, हे बघायला डोक्याला सोल्डरची तार लावा. तार वितळली तर १८५ अंशांच्या वर गेलात. लाल गोंदासाठी त्यानंतर आणखी थोडा वेळ द्या. गरम असतानाच की बसवून तिच्यावर छोट्या हातोडीने हलका टोला मारा आणि सावकाश, न थांबता फिरवा. थंड झालं की गोंद पुन्हा कडक होतो. गॅसचा टॉर्च मात्र वापरू नका. ॲल्युमिनियमच्या माउंटचा कडकपणा त्याने जातो, आणि वरून काही दिसतही नाही.

स्कोपभोवतीच्या रिंगचेच स्क्रू अडकले असतील तर स्कोप काढता येत नाही. अशा वेळी खालचे क्लॅम्पचे स्क्रू सोडवून माउंट स्कोपसकट रेलवरून, म्हणजे रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीवरून, काढा आणि तसंच आमच्याकडे आणा. स्कोपच्या आत नायट्रोजन भरलेला असतो, रबरी सील असतात. तिथे किती उष्णता द्यायची, हे हाताच्या सवयीनेच कळतं.

खाच गोल झालीच असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे अडकलेला स्क्रू उलटा फिरवून काढायचं कडक हत्यार, ठोकू नका. सुरुवातीच्या दिवसांत एका ग्राहकाच्या स्टीलच्या बेसमध्ये आमच्याच हातून एक्स्ट्रॅक्टर तुटला होता. तो तुकडा इतका कडक असतो की साधा ड्रिल त्यावर चालत नाही. तो बेस आम्ही स्वखर्चाने बदलून दिला. आता आम्ही दांड्याच्या मापाच्या ड्रिलने स्क्रूचं डोकंच उडवतो. डोकं गेलं की ताण जातो, रिंगचं वरचं झाकण उचललं जातं, आणि उरलेला दांडा तापवून पकडीने निघतो.

नवं माउंट बसवताना आटे ॲसिटोनने धुऊन कोरडे करायचे आणि निळ्या गोंदाचा एकच थेंब टाकायचा. रिंगचे स्क्रू सुमारे २ न्यूटन-मीटरने, तिरपे आळीपाळीने, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून आवळतात. ॲल्युमिनियमवर हा गोंद हळू धरतो, म्हणून २४ तास एकही छर्रा सोडू नका.

परवान्याची बंदूक आमच्याकडे आणू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार तिच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि आमचं काम फक्त एअर रायफलचं आहे. ती परवानाधारक गनस्मिथकडेच न्या.

येताना निघालेले स्क्रू डबीत घालून सोबत आणा, वाकलेले आणि डोकं गेलेलेसुद्धा. त्यांच्या आट्यांवरून नव्या स्क्रूचं माप लगेच कळतं.