पॅरामीटर टाकला की बॅकलॅश गेला?

जुनं सीएनसी मिलिंग मशीन घरच्या शेडसाठी बघायला गेलं की विकणारा हमखास म्हणतो, "थोडा बॅकलॅश आहे, पण पॅरामीटरमध्ये आकडा टाकला की झालं." हे अर्धंच खरं. बॅकलॅश म्हणजे दिशा उलटली की टेबल हलायच्या आधी स्क्रू जेवढा फुकट फिरतो तो ढिलेपणा. फॅनुक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलमध्ये (मशीन चालवणाऱ्या संगणकात) १८५१ नंबरचा पॅरामीटर त्यासाठीच असतो. दिशा उलटली की कंट्रोल बॉलस्क्रूला (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला) तेवढं जादा फिरवतो. बस्स. ढिलेपणा जागच्या जागी राहतो.

क्लाइंब मिलिंग करताना तो बाहेर येतो. कटर टेबलाला फीडच्याच दिशेने ओढतो, सैल टेबल पुढे हिसका खातं, फिनिश बिघडते, कधी एंडमिलच (तो कटरच) तुटतो.

शिवाय झीज सगळीकडे सारखी नसते. वर्षानुवर्षं व्हाइस (कापायचा तुकडा पकडणारा शिकंजा) टेबलाच्या मध्यावर, म्हणून बॉलस्क्रूही बहुतेक वेळा तिथेच जास्त झिजतो. समजा बॅकलॅश मध्यावर ०.०८ मिमी आणि टोकाला ०.०२ मिमी आला, तर आकडा कुठला टाकणार?

तेव्हा मॅग्नेटिक स्टँड आणि डायल (बारीक हालचाल मोजणारं मापक) सोबत न्या. मालकाला विचारून पॅरामीटरमधला आधीचा आकडा लिहून घ्या आणि शून्य करा (तो तसाच राहिला तर डायलही फसतो). मग मध्यावर आणि दोन्ही टोकांना, दोन्ही दिशांनी मोजा. तिन्हीकडे सारखाच आला तर संशय कपलिंगवर (मोटर आणि स्क्रूमधल्या जोडावर) किंवा स्क्रूला टोकाशी धरणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर घ्यावा. ते काम तुलनेने स्वस्तात होतं. मध्येच जास्त आला तर नव्या बॉलस्क्रूचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.