पंगतीत राहून गेलेले: चर्चमधल्या अन्नसेवेची पार्श्वभूमी

चर्चच्या स्वयंपाकघरात सकाळी स्वयंसेवक जमतात, भाजी चिरतात, मोठी पातेली चढवतात आणि गरजूंना वाढतात. हे अलीकडच्या समाजकार्यातून आलं असावं, असं अनेकांना वाटतं. मूळ मात्र पहिल्या शतकातल्या यरुशलेमेत (जेरुसलेममध्ये) आहे, आणि तेही एका तक्रारीत.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 6व्या अध्यायात ती नोंद आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. कुरकुर वाढली, तेव्हा प्रेषितांनी या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली, स्तेफन त्यांतलाच. ‘डीकन’ या चर्चमधल्या सेवकाच्या पदाची सुरुवात परंपरेने इथेच मानली जाते, आणि ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं त्याचा एक अर्थ जेवण वाढणारा असाही आहे. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही की, आपल्याच घरातला पंक्तिप्रपंच मंडळीने, म्हणजे त्या ख्रिस्ती समुदायाने, झाकला नाही, लिहून ठेवला.

251च्या सुमारास रोमचे बिशप कर्नेलियस यांनी एका पत्रात लिहिलं की तिथली मंडळी 1,500हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. पुढच्या शतकात ख्रिस्ती धर्माचा विरोधक सम्राट ज्युलियन यानेही आपल्या पुजाऱ्याला बजावलं होतं: हे लोक त्यांच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना खाऊ घालतात, आणि ही आपल्याला शरमेची गोष्ट आहे. 369च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियात दुष्काळ पडला तेव्हा तिथले धर्मगुरू बेसिल यांनी कोठारं उघडायला श्रीमंतांना भाग पाडलं आणि सुपाची भांडी मांडून स्वतः वाढायला उभे राहिले.

मध्ययुगात ही जबाबदारी मठांकडे गेली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार स्वयंपाकघरातली पाळी सगळ्यांनाच करावी लागे; आजारपण किंवा तितकंच महत्त्वाचं काम असेल तरच सूट.

या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती वगळणं मला योग्य वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आयर्लंडच्या महादुष्काळात काही प्रोटेस्टंट धर्मप्रचारकांनी कॅथलिकांना अन्न देताना पंथ बदलण्याची अपेक्षा ठेवली. सुपासाठी पंथ बदलणाऱ्यांना ‘सूपर’ म्हणून हिणवलं गेलं, आणि तो डाग कित्येक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटला. त्याच काळात, 1846च्या अखेरीपासून, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कसलीही अट न घालता सूपघरं चालवली. भुकेल्याला आधी त्याचा धर्म विचारणं म्हणजे त्याची भूक विकत घेणं. म्हणूनच क्वेकरांचं नाव तिथे आजही आदराने निघतं.

विसाव्या शतकातल्या मंदीने हे काम पुन्हा रस्त्यावर आणलं. 1929मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात कपुचिन या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठाच्या दारात भुकेल्यांच्या रांगा लागल्या. तिथलं सूपघर त्यातूनच उभं राहिलं. 1933मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मोरिन यांनी भुकेल्यांना जेवण आणि बेघरांना आसरा देणारी ‘कॅथलिक वर्कर’ चळवळ सुरू केली.

त्याच शहरातल्या होली अपॉसल्स चर्चने 1982मध्ये रोजचं मोफत जेवण सुरू केलं. 1990मध्ये इमारतीला मोठी आग लागली, पण जेवण थांबलं नाही. दुरुस्तीनंतर प्रार्थनेच्या मुख्य दालनातले जुने कायमचे बाक परत बसवले नाहीत. त्या मोकळ्या जागेत जेवणाची टेबलं मांडली गेली.