पाऊस गेल्यावर ज्वारी कशावर वाढते?

मराठवाड्यात रब्बी ज्वारीची पेर होते तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो. पुढे काढणीपर्यंत बहुतेक रानांना पाऊस जवळपास मिळतच नाही, तरी बीड-परभणीच्या भारी काळ्या जमिनीत मालदांडी वाणाची ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. ‘ओलीवर पीक आलं’ असं आपण सहज म्हणतो. पण ही ओल मातीत टिकते कशी आणि ताटाच्या शेंड्यापर्यंत चढते कशी, हे कळायला विज्ञानाला शंभराहून जास्त वर्षं लागली.

अठराव्या शतकात पाणी हे मूलतत्त्वच समजलं जाई. हायड्रोजन जाळल्यावर पाणी तयार होतं हे हेन्री कॅव्हेंडिशच्या प्रयोगांतून दिसलं आणि १७८३ मध्ये लाव्हाझिएने पाणी हे संयुग असल्याचं जाहीर केलं. झाडाचं कोडं मात्र तसंच राहिलं. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी त्याचं उत्तर मांडलं: पानातून पाणी वाफ होऊन उडतं, त्याची ओढ खोडातल्या बारीक नळ्यांतून थेट मुळापर्यंत पोचते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे धार मधे तुटत नाही. पाणी दोरीसारखं ताण सोसतं, हे तेव्हा अनेकांना पटलं नाही. रेणू एकमेकांना का धरतात, हे १९२० मध्ये लॅटिमर आणि रोडबुश यांनी सुचवलं. एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. एकेक बंध दुबळा, पण असंख्य बंधांचं बळ मोठं.

त्याआधीच, १९१३ मध्ये, लॉरेन्स हेंडरसनने पाण्याचे उष्णतेविषयीचे गुण सजीवांना किती अनुकूल आहेत हे सविस्तर मांडलं होतं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण त्याची वाफ करायला साधारण ५८० कॅलरी. मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या वर गेला की घामाने माणूस तग धरतो तो याच हिशोबावर. बर्फ तरंगतो म्हणून थंड देशांत तळ्यातले मासे जगतात. आपला पैठणचा नाथसागर जलाशय गोठत नाही, तेव्हा तो मुद्दा इथे नको.

मराठवाड्याला जास्त लागू पडतं ते मातीने पाणी धरून ठेवणं. काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचे कण अतिबारीक असतात आणि पाणी त्यांनाही बिलगतं. म्हणून ओल महिनोन्‌महिने टिकते. पण मुळाला सुटणार नाही इतकं घट्ट धरलेलं पाणीही याच जमिनीत भरपूर असतं. ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी १९१२ मध्ये ही मर्यादा मोजून दाखवली. ढेकूळ हाताला ओलसर लागतं आणि पीक मात्र माना टाकतं, त्याचं कारण हे. शिवाय सुकताना ही जमीन आकसते, भेगाळते, आणि भेगांतून खोलवरची ओल उडते. कोळपणीने, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवल्याने, त्या भेगा बुजतात; ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हा अनुभव त्यातूनच आला. बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरच्या उथळ, मुरमाड रानात मात्र साठाच कमी. तिथे ज्वारी पोटरीत येईतो, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच, ओल संपते, आणि त्या वेळी एखादं पाणी देता आलं तर कणीस भरतं.