सॅटरडे नाइट लाइव्ह : जुनी पर्वे आणि प्रेक्षकांच्या आठवणी

सॅटरडे नाइट लाइव्ह हा अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरचा दीड तासाचा विनोदी कार्यक्रम. ११ ऑक्टोबर १९७५ पासून तो शनिवारी रात्री साडेअकराला न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होतो. चाहते त्याला नुसते ‘एसएनएल’ म्हणतात. दर आठवड्याला एक पाहुणा सूत्रधार, एक पाहुणा गायक किंवा वाद्यवृंद, मधोमध खोट्या बातमीपत्राचा भाग आणि बाकी सगळी स्किट, हा साचा पन्नास वर्षांत फारसा हललेला नाही. कार्यक्रमाइतकीच जुनी झालेली दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्याबद्दलची हळहळ : ‘आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही.’ या नोंदीत कार्यक्रमाच्या जुन्या पर्वांबरोबर या हळहळीचाही विचार केला आहे, कारण एकाशिवाय दुसरे नीट कळत नाही.

कार्यक्रम जन्मला तो एका सोयीपोटी. एनबीसीच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार जॉनी कार्सन यांचे जुने भाग शनिवार-रविवारी पुन्हा दाखवले जात. हे भाग आठवड्यातल्या दिवशी वापरले तर आपल्याला सुट्टी घेता येईल, असे कार्सन यांनी १९७४ मध्ये वाहिनीला सांगितले. शनिवारची रात्र रिकामी झाली. डिक एबरसोल या तरुण अधिकाऱ्याने ती भरण्यासाठी टोरांटोच्या लॉर्न मायकल्स यांना गाठले. पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा मायकल्स तीस वर्षांचे होते. जागा मिळाली ती रॉकफेलर प्लाझातल्या इमारतीतली ‘८-एच’. हा एके काळचा रेडिओ स्टुडिओ, संगीतसंचालक तोस्कानिनींच्या सिम्फनी वाद्यवृंदाचे कार्यक्रम तिथून प्रसारित होत.

सुरुवातीला कार्यक्रमाला स्वतःचे नावही घेता आले नाही. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हे नाव त्याच शरद ऋतूत एबीसी वाहिनीने हॉवर्ड कोसेल या क्रीडासमालोचकाच्या कार्यक्रमाला दिले होते. त्यामुळे एनबीसीचा कार्यक्रम ‘एनबीसीज सॅटरडे नाइट’ म्हणून सुरू झाला. कोसेल यांच्या नटसंचाला ‘प्राइम टाइम प्लेअर्स’ म्हणत. मायकल्स यांच्या मंडळींनी टोमणा मारत स्वतःला ‘नॉट रेडी फॉर प्राइम टाइम प्लेअर्स’, म्हणजे मुख्य वेळेला अजून न शोभणारे नट, असे म्हणवून घेतले. पहिल्याच रात्री निवेदक डॉन पार्डो यांची हे लांबलचक नाव उच्चारताना जीभ अडखळली आणि शब्दांची अदलाबदल झाली. थेट प्रक्षेपणात दुरुस्तीला वाव नव्हता. कोसेल यांचा कार्यक्रम काही महिन्यांत बंद पडला आणि १९७७ मध्ये नाव मोकळे झाले.

पहिल्या संचात सात जण होते : डॅन अ‍ॅक्रॉइड, जॉन बेलूशी, चेव्ही चेस, जेन कर्टिन, गॅरेट मॉरिस, लरेन न्यूमन आणि गिल्डा रॅडनर. पहिला सूत्रधार जॉर्ज कार्लिन. त्या रात्री सगळ्यांत जास्त लक्षात राहिला तो मात्र संचाबाहेरचा माणूस. अँडी कॉफमन ग्रामोफोनवर लहान मुलांच्या एका कार्टूनचे शीर्षकगीत लावून शेजारी नुसता उभा राहिला. गाण्यातली एकच ओळ आली की ऐटीत हात उंचावून ओठ हलवायचा आणि पुन्हा गप्प उभा. एवढेच. यात विनोद कुठे आहे हे शब्दांत सांगता येत नाही, आणि म्हणूनच ज्यांनी ते पाहिले ते दुसऱ्यांना सांगत सुटले.

कार्यक्रम आठवड्याभरात कसा उभा राहतो हे समजले की त्याचे चढउतारही समजतात. सोमवारी पाहुण्यासमोर कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर जागून लिहायचे, बुधवारी टेबलाभोवती बसून चाळीसेक स्किट मोठ्याने वाचायची. गुरुवार-शुक्रवार तालमी. शनिवारी रात्री आठच्या सुमारास प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. तिथे पडलेली स्किट काढून टाकतात आणि साडेअकराला दिवा लागतो. कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून होतो, हे मायकल्स यांचे बोलणे चाहत्यांना पाठ आहे. साहजिकच दीड तासात दोन-तीन स्किट फक्कड जमतात, काही चालून जातात आणि काही सपशेल आपटतात. पावणेएकनंतर येणारे शेवटचे स्किट तर मुद्दाम विचित्र असते. तोवर अर्धे प्रेक्षक झोपलेले असतात, त्यामुळे लेखक हवे ते करून बघतात. जुन्या चाहत्यांमध्ये या शेवटच्या स्किटवर खास जीव असलेला एक गट आहे. ‘आम्ही जागे होतो’ हा त्यांचा अभिमान.

जागे राहण्याला तेव्हा खरोखर किंमत होती. घरी कार्यक्रम टेप करणारे सोनीचे बीटामॅक्स यंत्र अमेरिकेत १९७५ मध्येच आले आणि बहुतेक घरांत व्हीसीआर पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. झोप लागली की भाग हुकला. मग सोमवारी शाळेत, कॉलेजात किंवा कामावर ज्याने पाहिले त्याने नकला करून दाखवायच्या. ‘आठवण’ ही इथे अशी नकलेतून सुरू झालेली गोष्ट आहे. म्हणून ज्या स्किटमध्ये सहज पकडता येईल अशी एक ओळ होती, ती टिकली.

ऑलिंपिया कॅफेचे स्किट (१९७८) याचा उत्तम नमुना. ग्रीक माणसाच्या हॉटेलात गिऱ्हाईक काहीही मागो, गल्ल्यावरचा बेलूशी ‘चीजबर्गर!’ म्हणून आत ओरडतो आणि तव्यापाशी उभा अ‍ॅक्रॉइड तीच आरोळी परत देतो. कोक मागितले तर उत्तर एकच : ‘नो कोक, पेप्सी.’ शिकागोतल्या बिली गोट टॅव्हर्न या खऱ्या गुत्त्यावरून ते सुचले होते आणि आजही तिथे जाणारे पर्यटक त्याच सुरात ऑर्डर देतात. ‘दुसरं काही नाही, राइस प्लेट घ्या’ म्हणून ठणकावणारा खानावळवाला ज्याने पाहिला आहे, त्याला हे स्किट वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गिल्डा रॅडनरची एमिली लिटेला ही दुसऱ्या जातीची. ही कानाने मंद आजी बातमीपत्रात तावातावाने मत मांडायला येते. दूरचित्रवाणीवर व्हायोलिन दाखवायला लोकांचा एवढा विरोध का, असा तिचा सवाल. विरोध हिंसेला, म्हणजे ‘व्हायलन्स’ला आहे, हे कुणीतरी तिच्या लक्षात आणून देते. आजी क्षणभर थांबते, गोड हसते आणि म्हणते, ‘नेव्हर माइंड.’ इंग्रजी उच्चारांवर बेतलेला हा खेळ भाषांतरात टिकत नाही, पण त्या थांबण्यातले रॅडनरचे कसब टिकते.

काही आठवणी कार्यक्रमापेक्षा मोठ्या झाल्या. २४ एप्रिल १९७६ च्या भागात मायकल्स यांनी कॅमेऱ्यासमोर बसून फुटलेल्या बीटल्स या चौघांच्या बँडला एकत्र येण्यासाठी ३,००० डॉलरचा प्रस्ताव दिला. रक्कम हास्यास्पद होती, हाच विनोद. त्या चौघांतल्या जॉन लेनन यांनी १९८० च्या मुलाखतीत सांगितले की ते आणि त्यांचे साथीदार पॉल मॅकार्टनी त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच, लेनन यांच्या घरी, कार्यक्रम बघत बसले होते. गंमत म्हणून टॅक्सी करून स्टुडिओत जावे असेही त्यांच्या मनात आले, पण दोघे दमले होते. त्याच वर्षी, १९७६ च्या नोव्हेंबरात, चौघांतले जॉर्ज हॅरिसन खरेच आले, तेव्हा मायकल्स यांनी त्यांना गंभीर चेहऱ्याने समजावले की ३,००० हे चौघांचे, एकट्याचे ७५०. ‘जवळजवळ झालेच होते’ या जातीची गोष्ट चाहत्यांना झालेल्या गोष्टीपेक्षा जास्त प्रिय असते.

‘पूर्वीची मजा’ हरवल्याची तक्रार किती लवकर सुरू झाली, हे पाहण्यासारखे आहे. चेव्ही चेस १९७६ च्या अखेरीस संच सोडून गेला आणि जानेवारी १९७७ मध्ये बिल मरी आला. हा मरी आधी कोसेल यांच्या त्या ‘प्राइम टाइम प्लेअर्स’पैकीच एक. प्रेक्षकांनी त्याला स्वीकारले नाही. मार्चमध्ये त्याने थेट कॅमेऱ्यात बघून, मी अजून विनोदी वाटत नाही हे मला कळते, मला मदत करा, अशी अर्धी खरी अर्धी खोटी विनवणी केली. म्हणजे कार्यक्रमाला दीड वर्ष होण्याआधीच त्याचा सुवर्णकाळ संपल्याचे लोक सांगू लागले होते. आज हाच मरी त्या सुवर्णकाळाचा मानकरी गणला जातो.

१९८० मध्ये मायकल्स आणि पहिला संच दोघेही गेले. जीन डुमेनियन यांच्या हाताखालचे १९८०–८१ चे पर्व सर्वांत वाईट म्हणून बदनाम आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये चार्ल्स रॉकेट या नटाच्या तोंडून थेट प्रक्षेपणात शिवी गेली आणि थोड्याच दिवसांत डुमेनियन यांनाही जावे लागले. पण याच पर्वात १९ वर्षांचा एडी मर्फी आत आला, आणि पुढची तीन वर्षे कार्यक्रम जिवंत राहिला तो मुख्यतः त्याच्या जोरावर. एबरसोल यांनी १९८५ पर्यंत गाडा ओढला. मग मायकल्स परतले. १९८६ मध्ये फिल हार्टमन, डेना कार्व्ही, जॅन हूक्स यांचा संच जमला. नव्वदीच्या सुमारास क्रिस फार्ली, अ‍ॅडम सँडलर, माइक मायर्स आले, त्यानंतर विल फेरेल. २००० सालच्या एका स्किटमध्ये फेरेल तोकडा शर्ट घालून जीव तोडून गाईच्या गळ्यातली घंटा बडवतो. ते पाहत वाढलेल्यांना बेलूशी म्हणजे आजोबांच्या काळातला माणूस वाटतो. लोकांना सर्वांत चांगला वाटणारा संच म्हणजे ते हायस्कुलात असतानाचा संच, असे मायकल्स यांनी म्हटले आहे. हे खरे आहे, पण पुरते नाही.

उरलेले कारण कात्रीत आहे. पहिल्या पाच पर्वांचे १०६ भाग झाले, पण पुढच्या पिढ्यांनी ते पूर्ण पाहिलेच नाहीत. पुनःप्रक्षेपणात ते निवडक अर्ध्या तासाचे झाले. नव्वदीत केबलवर तासाभराचे भाग दिसत, म्हणजे एक-तृतीयांश भाग कापलेला. आपटलेली स्किट आधी गेली, मागे राहिले ते निवडक. अशा गाळीव आठवणीशी या शनिवारच्या न गाळलेल्या दीड तासाची तुलना केली तर या शनिवारचे नाक कापले जाणारच. पहिली पर्वे २००६ पासून डीव्हीडीवर अखंड निघाली तेव्हा जुन्या चाहत्यांनाही आढळले की मधेमधे बराच रटाळपणा होता. दुसऱ्या भागात तर जवळपास सगळी गाणीच आहेत, नटसंच नावापुरता.

रात्रीच्या स्किट-कार्यक्रमांच्या आठवणी निघाल्या की कॅनडाच्या ‘एससीटीव्ही’चे नाव हमखास निघते, आणि ते काढणाऱ्याचा स्वर थोडा चढा असतो. टोरांटोच्या सेकंड सिटी या नाट्यगटातून १९७६ मध्ये तो सुरू झाला. १९८१ ते १९८३ या काळात एनबीसीने शुक्रवारी मध्यरात्रीनंतर त्याचे दीड तासाचे भाग दाखवले. जॉन कँडी, कॅथरीन ओहारा, यूजीन लेव्ही, आंद्रिया मार्टिन, जो फ्लाहर्टी, डेव्ह टॉमस, रिक मोरानिस अशी त्यातली मंडळी. हा थेट नव्हता, चित्रित केलेला होता, त्यामुळे स्किटांची वीण घट्ट असे. मेलनव्हिल नावाच्या काल्पनिक गावातली एक भिकारडी दूरचित्रवाणी वाहिनी आणि तिचे कार्यक्रम, अशी कल्पना. फ्लाहर्टीचा काउंट फ्लॉइड भुताच्या सिनेमांचे निवेदन करतो, पण वाहिनी त्याला दर वेळी न घाबरवणारा सिनेमा देते. मग तो शवपेटीतून उठून मुलांना पटवत राहतो की हेही फार भयानक आहे बरे का. गाण्यांच्या हक्कांच्या अडचणींमुळे हे भाग बराच काळ बाजारात आले नाहीत, आणि घरी टेप केलेल्या कॅसेटी चाहत्यांनी जपल्या. एबीसीचा ‘फ्रायडेज’ (१९८०–८२) मात्र आज आठवला तर अँडी कॉफमनने थेट प्रक्षेपणात घातलेल्या गोंधळासाठी.

‘थेट’ या शब्दालाही एक मेख आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा कार्यक्रम कित्येक दशके तीन तासांनी, टेपवरून दिसे. सर्व भागांत एकाच क्षणी प्रक्षेपण सुरू झाले ते एप्रिल २०१७ मध्ये. महाराष्ट्रात त्या वेळी रविवारची सकाळ असते, ऋतुमानाप्रमाणे नऊ किंवा दहा, म्हणजे पोह्यांची वेळ. डिसेंबर २००५ मध्ये कार्यक्रमातली एक छोटी ध्वनिचित्रफीत यूट्यूबवर वणव्यासारखी पसरली आणि स्किट सुटी सुटी फिरू लागली. तेव्हापासून रात्री जागण्याची गरजच उरली नाही.

मायकल्स यांच्या संचातल्या आठवणी मृत्यूंशीही बांधलेल्या आहेत. २० मे १९८९ ला गिल्डा रॅडनर ४२ व्या वर्षी कर्करोगाने गेली. त्याच रात्री स्टीव्ह मार्टिन सूत्रधार होता. त्याने ठरलेले भाषण बाजूला ठेवून १९७८ मधले त्या दोघांचे नृत्याचे स्किट लावले आणि पुढे त्याला धड बोलता आले नाही. बेलूशी त्याआधीच, ५ मार्च १९८२ ला, ३३ व्या वर्षी अमली पदार्थांमुळे गेला होता. पहिल्या सातांपैकी जाणारा तो पहिला.

या बेलूशीची १९७८ मधली टॉम शिलर यांची छोटी फिल्म आहे. पांढऱ्या केसांचा म्हातारा बेलूशी बर्फातल्या स्मशानात येतो. सगळे सहकारी मेलेले, हा एकटा मागे राहिलेला. सगळ्यांना वाटायचे मीच आधी जाईन, असे सांगत तो एकेकाची कबर दाखवतो, आणि शेवटी त्या कबरींवर नाचतो. १६ फेब्रुवारी २०२५ च्या पन्नाशीच्या सोहळ्यात हीच फिल्म पुन्हा दाखवली. तिची ओळख करून द्यायला गॅरेट मॉरिस आले, वय वर्षे ८८.